गालाचे हाड आणि डोळ्याची खोबण

मोटारसायकलवरून पडून गालाचे हाड आत दबले, म्हणजे घरच्या मंडळींस पहिली धास्ती पडते ती व्रणाची. चेहऱ्यावर सुरी चालणार, मग मुलीचे कसे व्हावयाचे? वाचकहो, ही धास्ती बरीचशी अनाठायी आहे. कानशिलावर केसांच्या आत छेद घेऊन, तेथून पोलादी पट्टी सरकवून हाड उचलण्याची रीत लंडनचे हॅरल्ड गिलीज व त्यांचे सहकारी यांनी १९२७ साली प्रसिद्ध केली. कीन यांची १९०९ सालची रीत तर तोंडाच्या आतून, वरच्या हिरडीवरून जाते. बाहेर ओरखडाही नाही. तुकडे डळमळत असतील तर मात्र नुसते उचलून भागत नाही. टायटॅनियमच्या पट्ट्या बसवाव्या लागतात.

खोबणीचा तळ फार पातळ. तेथे खालच्या पापणीतून जातात. कातडीतून, पापणीच्या केसांखाली छेद दिल्यास पापणी पुढे बाहेर उलटण्याचा धोका अधिक. आतील बाजूने गेल्यास तो कमी, व्रणही झाकलेला. आमचा कल दुसरीकडे, तथापि शस्त्रवैद्याचा सरावही पाहावा लागतो.

मूल पडले असता अधिक सावध असावे. डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो, सूज नसते. पण वर पाहताना तो अडतो, एकाचे दोन दिसतात, ओकाऱ्या होतात. तळाच्या फटीत स्नायू चिमटला असण्याचा संभव असतो. मोठ्यांना सूज उतरेपर्यंत बहुधा थांबता येते. या मुलास त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात न्यावे.