द्रोह कोणाचा, कोणाशी?

सरकारविरुद्ध मोर्चा निघाला की दुसऱ्या दिवशी मोर्चेकरी 'देशद्रोही' ठरतात. हा शिक्का मारणारे कायद्याचा दाखला देतात. म्हणून त्या कायद्यातले इंग्रजी शब्दच तपासणे आम्हाला अगत्याचे वाटते.

इंग्रजीत ट्रीझन वेगळे, सेडिशन वेगळे. देशाविरुद्ध युद्ध पुकारणे किंवा शत्रूला सामील होणे हे ट्रीझन, म्हणजे देशद्रोह. राज्यकर्त्यांविरुद्ध लोकांना चिथावणे हे सेडिशन, म्हणजे राजद्रोह. बिट्रेयल म्हणजे विश्वासघात. डिसलॉयल्टी म्हणजे निष्ठा नसणे. तो दरवेळी गुन्हा असतोच असे नाही.

ब्रिटिशांनी 1870 साली दंडविधानात राजद्रोहाचे कलम 124अ घालून ही सीमारेषा पुसट केली. सरकारविषयी 'डिसअफेक्शन', म्हणजे अप्रीती, चेतवणे हा गुन्हा ठरला आणि या अप्रीतीतच डिसलॉयल्टीही धरली गेली. 1897 च्या टिळक खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी तर अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला. म्हणजे गुलामाने राबायचे आणि मालकावर प्रेमही करायचे! आम्हाला हा न्याय नवा नाही. शूद्राने असूया न बाळगता सेवा करावी, हे मनुस्मृतीने आधीच सांगून ठेवले आहे.

संविधान सभेने डिसेंबर 1948 मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अपवादांतून 'सेडिशन' हा शब्द वगळला. तरी दंडविधानातले कलम राहिलेच. हिंसेची वा सार्वजनिक अशांततेची चिथावणी नसेल, तर कठोर टीकाही राजद्रोह नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली केदारनाथ सिंह खटल्यात बजावले. 11 मे 2022 रोजी त्याच न्यायालयाने या कलमाचा वापर थांबवला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 152 आले. सेडिशन हा शब्द गेला, धास्ती मात्र कायम आहे.

मग खरा द्रोही कोण? 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी त्याचे उत्तर दिले. राजा दाहिरच्या सेनापतींनी लाच घेऊन लढण्यास नकार दिला, हा दाखला देत त्यांनी आपल्याच माणसांच्या फितुरीने देश गुलाम झाल्याचे सांगितले. पक्षांनी आपला पंथ देशापेक्षा मोठा मानला तर स्वातंत्र्य पुन्हा धोक्यात येईल, असा इशाराही दिला. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही त्यांनी त्याच भाषणात बजावले.

ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. नेत्याला प्रश्न विचारणाऱ्या कार्यकर्त्याला आपल्यातही 'गद्दार' म्हटले जाते. बांधवांनो, मतभेद म्हणजे गद्दारी नव्हे. समाजाची मते विकणे ही गद्दारी. आपले इमान व्यक्तीशी नाही, संविधानाशी आहे.