वीस बोंडं फोडा, मग बोला

यवतमाळात कपाशीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘आपला शेतकरी चालढकल्या. अळी दिसेपर्यंत हलत नाही.’ हे निदान मला मान्य नाही. भर उन्हात डवरणी करणाऱ्याला आळशी ठरवायला आधी सावलीत बसावं लागतं!

गुलाबी बोंडअळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि तिच्यामागे छिद्र बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार. जी दिसतच नाही तिचा ‘नायनाट करा’ म्हटल्यावर माणसानं सुरुवात कुठून करावी? काम उद्यावर जातं. मग एक दिवस फुटलेल्या बोंडात किडका कापूस दिसतो आणि हाताला येईल ते औषध पंपात पडतं. २०१७च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधांची सरमिसळ, संरक्षक साधनांचा अभाव, डोक्याइतकी उंच, दाट पऱ्हाटी अशी कारणं त्यामागे होती. त्याला आळस म्हणणं क्रूरपणाचं आहे.

नायनाट कुणालाच जमत नाही, २० बोंडं फोडणं जमतं. एकरभर वावरात फिरून २० झाडांवरचं एकेक हिरवं बोंड तोडायचं आणि फोडून पाहायचं. दोनांत अळी निघाली तर फवारणीची वेळ झाली. नाही तर औषधाचे पैसे वाचले. त्याआधी, पीक दीड महिन्याचं होताच, एकरी दोन कामगंध सापळे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले की सावध व्हायचं. डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, दिसतील तशा तोडून नष्ट करायच्या. फवारायच्या अर्कासाठी निंबोळ्या मात्र पावसाच्या तोंडावरच वेचाव्या लागतात. भादव्यात आठवण होऊन उपयोग नाही.

‘मी बोंडं फोडीन, पण शेजारच्या फरदडीतले, हंगामानंतरही राखलेल्या कपाशीतले, पतंग माझ्याकडेच येतील, त्याचं काय?’ हा आक्षेप मात्र खरा आहे. डिसेंबरअखेर साऱ्या शिवारानं पऱ्हाटी उपटली तरच अळीची साखळी तुटते. पण फरदड ठेवणारा काम टाळत नसतो, तो हिशेब करत असतो: उरल्यासुरल्या बोंडांचे दोन पैसे आज हातात येतात. तिथे बोंडं फोडण्यासारखे कामाचे छोटे तुकडे पाडून भागत नाही. ग्रामसभेनं उपटणीची एक तारीख ठरवावी, हे झालं गावाचं काम. फरदडीच्या पैशांऐवजी मोकळ्या वावरात उन्हाळी भुईमूग घ्यायचा तर कोरडवाहू शिवाराला पाणी आणि मोटारीला वीज लागते. ती चालढकल कुणाची, हे आळसाचं निदान करणाऱ्यांनी सांगावं.