रात्रीची रात्र राहू द्या

‘रात्रीचा दिवस केला’ ही आपल्याकडे कष्टांना मिळणारी सर्वात मोठी शाबासकी. दहावी-बारावीच्या घरात तर तोच शिरस्ता होतो. थर्मासमध्ये चहा, पहाटे साडेतीनचा गजर आणि पुस्तकावर मान कलंडली की आईची हाक. विद्यार्थ्याच्या पाच लक्षणांत श्वाननिद्रा मोजणारे सुभाषित आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ऐकवत आलो. मार्चमधील विषुवदिनाच्या आधीच्या शुक्रवारी जागतिक निद्रा दिन पाळला जातो आणि तो ऐन परीक्षांच्या हंगामात येतो. झोप ही अभ्यासाची वैरीण, हा समज तपासून पाहायला याहून चांगला दिवस नाही.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले. आठ तास जागे राहिल्यानंतर त्यांना दहातला जेमतेम एक आठवे. तेवढाच वेळ झोपून उठल्यावर मात्र सुमारे निम्मे आठवत. हे १९२४ साली प्रसिद्ध झाले. झोपेत नवे काही कानांवर पडत नाही म्हणून जुने टिकते, असा अर्थ तेव्हा लावला गेला. पुढे १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांना उंदरांच्या मेंदूत वेगळेच दिसले. फिरताना ज्या पेशी एकत्र चेतत, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र चेतत होत्या. मेंदू दिवसाची उजळणी करत होता.

जुन्या पेढीवर दिवसभराचे व्यवहार कीर्दीत टिपले जात आणि मग सवडीने खतावणीत चढवले जात. मेंदूची रीतही अशीच आहे. हिप्पोकॅम्पस हा त्याचा भाग दिवसाची कीर्द लिहितो; गाढ झोपेच्या संथ लहरींत त्या नोंदी मेंदूच्या बाह्यपटलाकडे जातात आणि जुन्या ज्ञानाशी जोडल्या जातात. रात्रभर घोकणारा मुलगा कीर्दीची पाने वाढवत राहतो, खतावणी मात्र कोरीच राहते.

ही गरज जन्मभराची आहे. नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपते आणि त्यातला जवळपास निम्मा वेळ पापण्यांआड त्याची बुबुळे हलत असतात. घडत्या मेंदूचे ते काम असते. शाळकरी मुलांना ९ ते १२ तास हवेत, किशोरवयीनांना ८ ते १०, प्रौढांना ७ ते ९. वयात येताना शरीराचे घड्याळच मागे सरकते. रात्री अकरापर्यंत डोळा न लागणारा मुलगा दरवेळी हट्टी नसतो. उतारवयात गाढ झोप विरळ होते. विसराळूपणाचा एक धागा तिथेही गुंतलेला असल्याचे संशोधक सांगतात. म्हणून आजोबांची मोडलेली झोप ‘वयाचेच आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. तो स्वागतार्हच होता. पण ज्यांचे घड्याळ सर्वाधिक मागे सरकलेले असते, ती आठवी ते बारावीची मुले त्याबाहेर राहिली. सिॲटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ पावणेआठाच्या सुमारावरून पावणेनऊवर नेली, तेव्हा मुलांची रोजची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढल्याचे मोजमापात दिसले. आपल्याकडे वर्गखोल्यांची टंचाई आणि दोन सत्रांची अडचण खरी आहे. पण म्हणून हा विषय कायमचा बाजूला ठेवता येणार नाही. पहाटेचे शिकवणीवर्ग तर आजही उशिरा सुरू करता येतील.

एका खोलीत सहाजण राहतात त्या घराला ‘मुलांना झोपू द्या’ सांगणे सोपे नाही. तिथे शेजाऱ्यांची आणि गावाची जबाबदारी सुरू होते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांवर बंधन घालणारे नियम २००० सालापासून आहेत आणि शांत झोप हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले. मांडवातला आवाज वेळेवर बंद करणे हीसुद्धा कुणाच्या तरी शिक्षणाला केलेली मदतच आहे.

ज्या घरात उद्या-परवा पेपर आहे, तिथल्या आईबाबांना आज एवढीच विनंती : शेवटचे प्रकरण राहिले तर राहू द्या. मुलाच्या हातातले पुस्तक मिटा, दिवा मालवा. कीर्द लिहून झाली आहे; आता खतावणीला रात्र मोकळी द्या.