किनाऱ्याला नियम हवेत, फाटक नको

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही, मग किनाऱ्याच्या नियमांशी आपला काय संबंध? संबंध आहे. 7 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ते दादरच्या चौपाटीवर. आपल्या गावखेड्यांतल्या कितीतरी माणसांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो 6 डिसेंबरला, चैत्यभूमीवर. तो पाहायला कुणी तिकीट मागितले नाही.

जून 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने गुहागर, तारकर्ली, दिवेआगर, केळवा अशा आठ किनाऱ्यांवर शॅक उभारण्याचे धोरण मंजूर केले. स्थानिकांना रोजगार मिळत असेल तर आमचा विरोध नाही. नियमांनाही नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले डझनभराहून अधिक विद्यार्थी बुडाले. जीवरक्षक, भरती-ओहोटीचे फलक, जेट स्कीला वेगळी हद्द, वाळूवर गाड्यांना बंदी हे सगळे हवेच.

प्रश्न एवढाच आहे: नियम वर्तनाला लावायचा की माणसाला? ‘वाळूत गाडी घालू नका’ हा वर्तनाचा नियम झाला. ‘खुर्चीचे भाडे भरा, तरच बसा’ हा खिशाचा नियम. आणि या देशात कुणाचा खिसा रिकामा आहे, हे जात विचारल्याशिवायही कळते.

1923 च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले होते. तरीही 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर जावेच लागले. म्हणून संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्यासोबत ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’ हे शब्द आले. कुणी म्हणेल, हे कलम जातीचा भेद रोखते, शुल्क नाही. बरोबर! पळवाट नेमकी तिथेच आहे. जातीची पाटी लावता येत नाही, म्हणून दराची पाटी लावायची.

सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कमलनाथ प्रकरणात स्पष्ट केले, की समुद्रकिनाऱ्यासारख्या नैसर्गिक संपत्तीचे सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. विश्वस्ताने राखण करायची असते, वाटा विकायच्या नसतात.

तेव्हा प्रत्येक किनाऱ्याच्या नियमावलीत आधी हे लिहा: चालणे, बसणे, पोहणे आणि पोरांचे खेळणे विनामूल्य राहील. कोळ्यांच्या होड्यांची आणि मासळी सुकवण्याची जागा हलणार नाही. धंद्याची हद्द त्यानंतर आखा.

आज हे कोकणात आहे. उद्या बोर धरणाच्या काठावर आणि पवनारला धाम नदीच्या घाटावर हेच सूत्र येईल. तेव्हा जागे होऊन उपयोग नाही. आत्ताच बोला.

जय भीम!