कटिंग मास्तरचा मूळ पगार

आपल्या समाजाचा इतिहास सांगताना आपण कोकणातल्या तेलाच्या घाण्यापासून सुरुवात करतो आणि पलटण, रेल्वे, शाळा, इस्पितळ असे पुढे येतो. मुंबईतल्या ससून मिल आणि इस्राएलात दिमोनाची कापडगिरणी यांचीही आठवण निघते. पण ते कापड बेतून कापणारा कटिंग मास्तर या यादीत नसतो. आमचे म्हणणे एवढेच, की त्याचे काम हुन्नराचे आहे आणि ते त्याच नावाने, त्याच मोलाने कागदावर यायला हवे. तसे झाले नाही तर नुकसान कसे होते, याला संयुक्त अरब अमिरातीचे उदाहरण चांगले आहे.

भारतासारख्या देशांतून जाणाऱ्या कपड्यांवर अमेरिका आणि युरोपचा कोटा होता. १९७४ पासून तो बहुतंतू कराराने चाले. म्हणून काही कारखानदारांनी शारजा, अजमान आणि १९८५ साली सुरू झालेल्या जेबेल अली मुक्त क्षेत्रात कारखाने थाटले. कापड बाहेरून, कारागीरही बाहेरून. १ जानेवारी २००५ रोजी कोटा उठला आणि तिथे कारखाना ठेवण्याचे मोठे कारणच गेले. पुष्कळ कारखाने बंद पडले. गणवेश, अबाया आणि कंदुरा शिवणारी दुकाने मात्र आजही चालू आहेत आणि त्यांना कापणारा लागतोच.

हे काम वरून सोपे दिसते. समजा, दहा मीटर लांबीचे शंभर थर टेबलावर अंथरले आहेत. मार्कर आखणाऱ्याने बाही, कॉलर, पाठ अशी जुळवली की प्रत्येक थरात दहा सेंटिमीटर वाचले, तर एका खेपेला दहा मीटर कापड वाचते. उलट, पात्याचा हात जरा कलला तर वरचा तुकडा आणि खालचा तुकडा एका मापाचे राहत नाहीत. धाग्याची दिशा, चौकडी, कापडाचे आटणे, सगळे ध्यानात ठेवावे लागते. आता मार्कर संगणकावर होतो हे खरे, पण लहान दुकानात खडू आणि नजर यांवरच भिस्त असते.

अशा माणसाच्या करारात ‘हेल्पर’ लिहिले आणि मूळ पगार कमी ठेवून उरलेले भत्त्यात घातले, तर दरमहा फरक कळत नाही. कळतो तो परतताना. अमिरातीच्या कायद्याने नोकरीअखेरची ग्रॅच्युइटी मूळ पगारावरच मोजतात: पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी २१ दिवस, पुढे दरवर्षी ३० दिवस. दहा वर्षांचे २५५ दिवस, म्हणजे साडेआठ महिने होतात. हातात १८०० दिरहम येणाऱ्या दोघांपैकी एकाचा मूळ पगार १४०० असेल तर त्याला ११,९०० मिळतील. ८०० असेल त्याला ६,८००. ओव्हरटाइमही मूळ पगारावरच धरतात.

आम्ही परिचारिका, म्हणून हातांविषयी बोललेच पाहिजे. उभ्या पात्याच्या यंत्रावर कापड दाबणाऱ्या हाताला पोलादी जाळीचा मोजा हवा आणि पात्याचा गार्ड थरापर्यंत खाली हवा. मोज्याने हात मंदावतो म्हणून तो काढून ठेवतात, आणि नेमका तेव्हाच घात होतो. कामावर इजा झाली तर उपचाराचा खर्च मालकाचा असतो. सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार आणि त्यापुढे सहा महिने अर्धा पगार द्यावा लागतो. हा हक्क मागायला लाज कसली?

मालक म्हणतील, एवढे बघत बसलो तर धंदा कसा चालायचा? पण ज्याच्या नजरेवर कापडाची बचत अवलंबून आहे, त्याला हेल्पर म्हणणे हा धंदा नव्हे.

परदेशातल्या आपल्या मंडळींना विनंती, की ओळखीतले कोणी या कामावर निघाले असेल तर सही करण्याआधी विचारा: करारात पद काय लिहिले आहे, मूळ पगार किती, मोजा कोण देणार? आणि घरात कोणी कटिंग टेबलावर आयुष्य काढले असेल, तर वंशावळीत त्यांच्या नावापुढे ‘नोकरी’ एवढेच लिहू नका. ‘कटिंग मास्तर’ असे स्पष्ट लिहा.