नॉर्वेचा अपुरा नकार

नॉर्वेने युरोपीय संघात प्रवेश करावा काय, या प्रश्नाचे उत्तर तेथील जनतेने दोनदा दिले आहे. १९७२ च्या सार्वमतात ५३.५ टक्के, तर १९९४ मध्ये ५२.२ टक्के मतदारांनी नकार नोंदविला. दोन्ही वेळा सत्तारूढ मजूर पक्षाचे नेतृत्व प्रवेशाच्या बाजूने होते; उत्तरेकडील मच्छीमार आणि छोटे शेतकरी विरोधात उभे ठाकले. आपल्या समुद्रातील मासळी कोणी व किती पकडावी, हे ब्रुसेल्सने ठरविणे त्यांना मान्य नव्हते.

तथापि, १९९४ च्या प्रारंभीच नॉर्वे युरोपीय आर्थिक क्षेत्रात सामील झाला होता. शेती व मासेमारीची धोरणे त्यातून वगळली गेली. परंतु भांडवल, माल, सेवा व श्रम यांच्या मुक्त संचाराचे नियम लागू झाले. ते करताना नॉर्वेला मताधिकार नाही. मग सभासद होऊन तो मिळवावा, असे प्रवेशवादी म्हणतात. पण सत्तावीस राष्ट्रांच्या संघात सुमारे पंचावन्न लाखांच्या देशाच्या मताचे वजन ते किती? आणि त्यासाठी मासेमारीवरील अधिकार गमवावा काय?

नवा नियम नाकारण्याची मुभा करारातच आहे. २०११ साली मजूर पक्षाच्या अधिवेशनाने नेतृत्वाची इच्छा डावलून टपालसेवा स्पर्धेला खुली करणारा निर्देश फेटाळला. सरकारला ते मानावे लागले. २०१३ मध्ये सत्तेवर आलेल्या उजव्या सरकारने तो नकार मागे घेतला. मतपेटीत एकदा नकार टाकून भागत नाही. संघटित कार्यकर्त्यांनी तो पुढेही राबवावा लागतो.