उपनिरीक्षकाला निलंबन, मंत्र्याला क्रीडा खाते




माजी कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या रमीवर विनोद करून झाले, चित्रफिती फिरवून झाल्या. न्यायाचा प्रश्न मात्र तसाच राहिला, म्हणून हे पत्र.

ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने ड्रीम इलेव्हन या पैशांच्या ऑनलाइन खेळात दीड कोटी रुपये जिंकले. आनंदाच्या भरात त्याने गणवेशातच माध्यमांशी बातचीत केली आणि काही दिवसांतच तो निलंबित झाला. जुलै 2025 मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत आमदार रोहित पवार यांनी समोर आणली. कोकाटे यांनी आरोप साफ नाकारला. मोबाईलवर आपोआप आलेला खेळ आपण बंद करत होतो, असे त्यांचे म्हणणे. 31 जुलैला कृषी खाते दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेले आणि कोकाटे क्रीडा व युवक कल्याण मंत्री झाले. डिसेंबरमध्ये त्यांचे मंत्रिपद गेले, ते सदनिकांच्या जुन्या खटल्यातील शिक्षेमुळे. रमीशी त्याचा संबंध नव्हता.

आरोप खोटा असेल तर कृषी खाते काढण्याचे कारण नव्हते. खरा असेल तर त्यांच्या हाती तरुणांचे खाते द्यायला नको होते. या दोन्हींमधले तिसरे उत्तर सरकारने आजवर दिलेले नाही.

आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या हर्सूल टी पॉइंटवर चहा पिताना लोक म्हणतात, दोन डाव खेळला तर एवढं काय बिघडलं? घरी, सुटीच्या दिवशी खेळला असता तर माझीही तक्रार नसती. पण ज्या सभागृहात मराठवाड्याच्या पीकविम्याचे, कर्जाचे प्रश्न निघतात, तिथला मंत्र्याचा वेळ त्याच्या मालकीचा नसतो. आमचे हर्सूल बाहेरच्यांना मध्यवर्ती कारागृहामुळे ठाऊक आहे. त्याच्या दारात मुलाखतीसाठी ताटकळणारी माणसे आम्ही येता-जाता पाहतो. त्यांत मोठ्या घरची माणसे दिसत नाहीत. लहान माणसाला नियम आणि मोठ्याला सोय, हे इथल्या पोरांना कुणी शिकवावे लागत नाही.

या गदारोळात मोबाईलवरचा प्रत्येक खेळ बदनाम झाला, याचेही मला वाईट वाटते. पोरगा लुडो खेळताना दिसला की बाप 'जुगारी' म्हणून अंगावर धावतो. कोकाटेंचे खाते बदलण्याच्या तीनच दिवस आधी, 28 जुलैला, नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. आजचे बुद्धिबळपटू सरावाचे कितीतरी डाव पडद्यावरच खेळतात. वाईट आहे ती पैज. पैसे लागले की हरलेला माणूस उठत नाही, गेलेले परत मिळवायला उसने काढून पुन्हा बसतो.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, हे योग्यच झाले. अशा खेळांत दरवर्षी सुमारे 45 कोटी लोक मिळून 20 हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचाच अंदाज होता. मला त्या कायद्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही की, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि 50 लाखांपर्यंत. कर्जात बुडालेला पोरगा आता पोलिसांना न भिता घरी खरे सांगू शकतो. पण हा कायदा यायच्या आधी वर्षानुवर्षे नामवंत खेळाडू आणि नट टीव्हीवरून 'या, खेळा' म्हणत होते आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून सरकार या खेळांवर 28 टक्के जीएसटी घेत होते. बुडालेल्यांच्या पैशातला वाटा घेतलेल्यांनी त्यांच्या समुपदेशनाचा आणि उपचाराचा खर्च उचलला पाहिजे. निदान प्रत्येक जिल्हा रुग्णालयात त्यासाठी एक खिडकी तरी असावी.

विधान परिषदेचे सभापती राम शिंदे यांना माझी विनंती आहे. कामकाज चालू असताना सदस्य मोबाईलवर खेळताना आढळला तर किती दिवसांचे निलंबन होईल, हे त्यांनी लेखी जाहीर करावे आणि मंत्र्यांना त्यातून वगळू नये. हर्सूलमधल्या पालकांनाही सांगणे आहे, मुलाच्या हातातला मोबाईल हिसकावण्याआधी त्याला एवढेच विचारा: यात पैसे लावलेस का?

आपला,
एक वाचक, हर्सूल, छत्रपती संभाजीनगर